२६ पानांची ३२ झाली त्याची गोष्ट: आमच्या ‘गप्प’ कॉमिकचा पहिला अंक

गणपतीत यायचं कॉमिक डिसेंबरात आलं, तीनेकशे कॉप्यांवर आम्ही पांढऱ्या जेल पेनने हाताने अनुस्वार दिले, एका दुकानाने ते बालविभागात लावलं, आणि सगळं जाऊन माणशी साडेआठ हजार सुटले. तरी दुसरा अंक चालू आहे. मराठीत स्वतःचं सुपरहिरो कॉमिक काढायचंय, कसं काढू, असं आता बरेच जण विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाच काय झालं ते आकड्यांसकट लिहून टाकतो.

टीम म्हणजे दोन माणसं. मी लिहितो आणि बलूनमध्ये, म्हणजे पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांत, अक्षरं बसवतो, दिवसा पुण्यात खराडीला नोकरी. चित्रं काढणारी मैत्रीण अभिनव कला महाविद्यालयातून पास झालेली, जाहिरातींची कामं करते, राहते कर्वेनगरला. तिचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, “अरे तुझी माणसं फार बोलतात.”

गोष्ट अशी. सानिका कॉल सेंटरमध्ये कामाला. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात अडकते आणि तिथून तिला ताकद मिळते, आजूबाजूचा आवाज ती गिळते आणि साठवून नंतर फेकू शकते. मंदार ढोल पथकात वाजवतो, म्हणजे पोरगा आयुष्यभर आवाजच करत आलाय. लोचा असा की सानिकाला मनातून भरून आलं की ताकद आपोआप चालू होते, आसपास एकदम चिडीचूप. म्हणजे मंदार जेव्हा खरंच काहीतरी सांगायला तोंड उघडतो नेमकं तेव्हाच तिला ऐकू येत नाही. त्याचा बलून रिकामा.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल भारी आहे की. आम्हीही म्हणालो. आणि मग २६ पानांच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी हे कुठेही वापरलं नाही. १४ पानं मारामारी, व्हिलन म्हणजे स्पीकरच्या भिंती लावून शहर कह्यात घेणारा एक भाऊ, त्याच्या छातीवर डेसिबलचा मीटर (कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, याचा मीटर १२० च्या खाली येतच नाही), मग ९ पानं टपरीवर चहा आणि लाजणं, आणि ३ पानं ताकद कशी मिळाली. मारामारी चालू असताना प्रेम बाकावर बसलेलं आणि प्रेम चालू असताना ताकद सुट्टीवर. एका पिनेत दोन वेगळी कॉमिकं.

खरं तर हे दुखणं जुनंच आहे. इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठे झालेल्यांना आठवत असेल, वेताळ (म्हणजे फँटम) आणि त्याची प्रेयसी डायना. वेताळ वर्तमानपत्रात आला १९३६ ला आणि लग्न लागलं १९७७ ला, ४१ वर्षं बाई थांबली, कारण सुपरहिरोचं लग्न झालं की गोष्ट संपते अशी सगळ्यांना भीती. दुसरीकडे अमेरिकेत १९४७ मध्ये प्रेमकथांची कॉमिकं जोरात सुरू केली ती जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने, म्हणजे ज्यांनी कॅप्टन अमेरिका काढला त्याच दोघांनी. दोन्ही गोष्टी त्याच हातांना येत होत्या, पण खोल्या वेगळ्या. मला हे सगळं माहीत होतं, चार लोकांना ऐकवलंही होतं, आणि लिहिताना मी सुद्धा भिंत घातलीच.

प्रेसमध्ये आधी जा

ही आमची सगळ्यात महागडी चूक. आम्ही नेटवर बघून अमेरिकन कॉमिकचा साइज धरला, ६.६२५ बाय १०.२५ इंच, आणि मैत्रिणीने त्या मापात ११ पानं शाईकामासकट पूर्ण केली. मग नारायण पेठेत एका प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाले काका, सत्तरीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी फूटपट्टी घेतली, प्रिंटआउट मोजला आणि विचारलं, “हा साइज कोणी दिला तुम्हाला?”

गणित त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं. त्यांचं मशीन २० बाय ३० च्या शीटचं. त्यावर एका बाजूला आठ पानं बसवायची तर चार आडवी, दोन उभी. आमचं पान ब्लीड (कडेला कापून टाकायची जादा पट्टी) धरून साडेदहा इंच उंच, दोनदा घेतलं की २१, शीट २० चं. बसतच नाही. २३ बाय ३६ चा कागद घेऊन दुसऱ्या मशीनवर बसलं असतं पण लांबीत आठेक इंचाची पट्टी सरळ रद्दीत, आणि तिचे पैसे आम्हीच देणार. त्यापेक्षा ट्रिम करून ७ बाय साडेनऊ करा म्हणाले, शीट पूर्ण वापरली जाते. म्हणजे पान बुटकं आणि रुंद झालं. उंच उभ्या फ्रेम्स, ज्यात सानिका लक्ष्मी रोडवरच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवरून उडी मारते, त्या सगळ्या नव्याने. ११ पानांच्या मागे सहा आठवडे गेले आणि गणपती तिथेच हुकला. ती चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. दोन दिवस फोन उचलला नाही फक्त.

काकांचा दुसरा प्रश्न, “पानं किती?” म्हणलं २६. “२६ कशी असतील? सेंटर पिन मारायची ना? चाराच्या पटीत या.” म्हणजे २४, २८ किंवा ३२. २४ केली तर एक १६ पानी फॉर्म (एका शीटच्या दोन्ही बाजू मिळून) आणि एक अर्धा. ३२ म्हणजे सरळ दोन पूर्ण फॉर्म. प्लेटा (छपाईचे पत्रे, चार शायांचा एकेक) चार जास्त लागतात आणि कागद थोडा जास्त, पण पानामागे खर्च उतरतो. ५०० कॉप्यांना ऑफसेट, म्हणजे प्लेटांवरची छपाई, परवडत होतं, त्याच्या खाली गेलो असतो तर डिजिटल. आम्ही ३२ घेतलं, आतला १३० जीएसएम आर्ट पेपर, कव्हर २५० ला मॅट लॅमिनेशन. कॉपीला ५८ रुपये पडले.

पण आता सहा पानं रिकामी. एक श्रेयनामावलीला, एक वाचकांना पत्र म्हणून, राहिली चार. मी घाईघाईत अजून चार पानं मारामारी लिहून पाठवली. तिचा मेसेज आला, हे मी काढणार नाही, माझ्याकडे आठवडा आहे आणि गर्दी काढायला वेळ नाही, मला दोन माणसं आणि एक जागा दे.

जागा झेड ब्रिज. पुण्याबाहेरच्यांसाठी, संध्याकाळी तिथे कठड्याला गाड्या लावून जोडपी बसलेली असतात, आणि गणपतीच्या आधी खाली नदीपात्रात पथकांचा सराव चालतो. तिने चार पानं काढली. वर हे दोघं गाडीला टेकून, खाली शंभर ढोल, काठ्या हवेत, आणि एकही आवाज नाही. आख्ख्या अंकात आम्ही धाड, खळ्ळ, सण्ण, धडामधूम इतकं पेरलंय की तिथे आल्यावर कान बंद झाल्यासारखं होतं. तिसऱ्या पानावर मंदार बोलतो. मोठा बलून, आत काही नाही. चौथ्या पानावर ती त्याच्या ओठांकडे बघत्ये आणि तिला काय कळलं ते आपल्याला कळत नाही.

माझं एकही अक्षर नसलेली चार पानं. पुढे स्टॉलवर लोक पुस्तक चाळताना बघितलं तर मारामारीची पानं भराभर उलटायचे आणि इथे येऊन थांबायचे, मग मागे जाऊन बघायचे की हे दोघं बोलत का नाहीत, आणि मग विचारायचे कितीला आहे. कागदाच्या मापाने आमची गोष्ट सुधारली, मी नाही.

चिंता आणि चिता

देवनागरीत कॉमिकची अक्षरं बसवणं हा वेगळाच छळ आहे. इंग्रजीवाले सगळं कॅपिटलमध्ये टाकून मोकळे होतात, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात जातो. त्यामुळे बलून मोठे लागतात, म्हणून वाक्यं छोटी लागतात. फॉन्ट आम्ही मुक्ता आणि बलू वापरले, दोन्ही ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे, ओपन लायसन्सवर फुकट. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू करून साउथ एशियन कंपोजर निवडला नाही तर पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. हे एकदाच करायचं असतं पण कोणी सांगत नाही. अजून एक, भाषा मराठी निवडा, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि भाषा बदलली की आपले येतात. आणि “खऱ्या”, “दुसऱ्या” मधला तो ऱ्य नीट टाइप झालाय का ते प्रत्येक बलूनमध्ये बघा. फाइल द्यायच्या आधी सगळं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो आणि ऑपरेटर दादा विचारतात, “श्रीलिपीत आहे का?” (श्रीलिपी म्हणजे मराठी टाइपिंगचं जुनं सॉफ्टवेअर.)

एवढं सगळं केलं आणि तरी माती खाल्ली ती २१ व्या पानावर. रात्रीचं दृश्य, मागे गडद जांभळट आकाश, चारही शाई भरभरून, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत सानिकाच्या मनातलं वाक्य: “मला सतत तुझीच चिंता असते.” मी मुक्ताचं बारीक वजन घेतलं, ७ पॉइंट, स्क्रीनवर काय नाजूक दिसत होतं. प्रेसने डिजिटल प्रूफ दिलं, त्यात ठीक. पण पांढरं अक्षर म्हणजे काही छापलेलं नसतं, चार शाया तिथे जागा सोडतात. ऑफसेटवर एखादी प्लेट केसभर जरी सरकली किंवा शाई थोडी पसरली की ती जागा भरते, आणि सगळ्यात आधी भरतो तो टिंबाएवढा अनुस्वार.

गठ्ठे तिच्या घरी आले. तिची आजी एक कॉपी घेऊन खुर्चीत बसली, चष्मा लावून शांतपणे वाचत होती, आणि म्हणाली, “अगं, पण ही मेलेय कधी? कुणाची चिता?”

मला सतत तुझीच चिता असते.

गठ्ठे सोडले. काहींत टिंब होतं, काहींत धूसर, आणि साधारण ३०० मध्ये साफ गायब. चूक प्रेसची नव्हती, फाइल माझी होती. परत छापायला पैसे नव्हते. मग पांढरं जेल पेन, दोन संध्याकाळी, तिच्या घरी जेवणाचं टेबल, पलंग, फ्रिजच्या वरची जागा, सगळीकडे २१ वं पान उघडून वाळत घातलेल्या कॉप्या, कारण आर्ट पेपरवर ते पेन लवकर सुकत नाही आणि बंद केलं तर समोरच्या पानावर मंदारच्या नाकावर टिंब. आजीने शेवटच्या चाळीसेक कॉप्या केल्या. तिचे अनुस्वार सगळ्यात गोल आहेत.

आता नियम केलाय, गडद चौरंगी बॅकग्राउंडवर पांढरं अक्षर ९ पॉइंटच्या खाली नाही आणि बारीक वजन नाही. काळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईत, चारही शायांचा काळा नाही.

कागदपत्रं, थोडक्यात

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. आम्ही प्रत्येक अंक स्वतंत्र पुस्तक धरतोय, तारखा ठरलेल्या नाहीत (आमचा वेग बघता ठरवणंही धाडसाचं), कारण ठराविक काळाने निघणारं नियतकालिक म्हटलं की २०२३ च्या नव्या कायद्याखाली प्रेस रजिस्ट्रारकडे नोंदणी आली. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याची नॅशनल लायब्ररी आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची तीन ग्रंथालयं यांना एकेक कॉपी पाठवायची असते, पाठवली. कव्हरवर सुपरहिरो शब्द टाकू का म्हणून मी घाबरलो होतो कारण मार्व्हल आणि डीसीने मिळून तो अमेरिकेत ट्रेडमार्क करून ठेवला होता, तर तो तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच झाला.

आमच्या दोघांचा करार मात्र तिने, माझ्या चित्रकार मैत्रिणीने, लावून धरला आणि बरं झालं. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पानामागे पैसे देऊन हक्क माझ्याकडे, असं मी आधी सुचवलं होतं. ती म्हणाली, चार मुकी पानं कोणाची? मग दोघांची मालकी अर्धी अर्धी, कोणीही एकट्याने विकायचं नाही. संयुक्त कामात शेवटचा लेखक गेल्यावर पुढे ६० वर्षं हक्क राहतो हे वाचून दाखवलं तर म्हणते, “मग तू जरा व्यायाम कर.”

विकणं

किंमत १५० ठेवली. हाताने विकली की ५८ वजा जाता ९२ राहतात. दुकानाला ४५ टक्के दिले की हातात साडेब्याऐंशी, छपाई गेली की साडेचोवीस. एका दुकानात विकल्यावर पैसे या बोलीवर ४० ठेवल्या. काही दिवसांनी गेलो तर छोट्या मुलांच्या रंगवायच्या पुस्तकांशेजारी. त्यांचा तरी काय दोष, मराठीत चित्रं म्हणजे लहान मुलांचं हे आपणच पक्कं करून ठेवलंय. तोवर एका आईने फोन करून झापलं होतं, अहो तुम्हाला काही वाटतं का, मुलगा सात वर्षांचा आहे. तिचं बरोबर होतं, अंकात एक चुंबन आहे. त्या दुकानातून ३१ परत आल्या. तेव्हापासून छापलेल्या कव्हरवर कोपऱ्यात १६+ आणि खाली “प्रेमकथा” असं स्पष्ट चिकटवलं. गंमत म्हणजे “प्रेमकथा” लिहिल्यावर खप वाढला, “सुपरहिरो” वाचून ज्या बायका पुढे जायच्या त्या थांबायला लागल्या.

पोस्टाचंही एक. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, पुस्तकं स्वस्तात पाठवायची पोस्टाची सेवा, सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. आमची कॉपी ११० ग्रॅम, म्हणलं चला. तिथे कळलं की जाहिराती असलेलं चालत नाही, आणि आमच्या मागच्या कव्हरवर एका कॅफेची पानभर जाहिरात, जिच्या बदल्यात आम्हाला मिळाले होते दोन हजार आणि महिनाभर कॉफी. त्या कॉफीपायी सगळ्या प्री-ऑर्डरी महागाच्या कुरिअरने गेल्या.

हिशोब असा. गूगल फॉर्मवर प्री-ऑर्डर १२०, ओळखीच्या ढोल पथकातली मंडळी आणि ऑफिस मिळून हातोहात ७५, त्या दुकानातून ९, आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सवात एका छोट्या प्रकाशकाच्या टेबलाचा कोपरा घेऊन १७०. एकूण ३७४. तीसेक फुकट वाटल्या, ९६ पलंगाखाली. जमा साडेपंचावन्न हजारांच्या आसपास, कॅफेचे दोन हजार धरले नाहीत कारण ते क्यूआरच्या बोर्डात आणि पाकिटांत गेले. छपाई २९ हजार, टेबल, कुरिअर, सटरफटर साडेनऊ. राहिले १७, दोघांत अर्धे. ३० पानं आणि कव्हर काढणाऱ्या माणसाला पानामागे तीनशेसुद्धा नाहीत. याला धंदा म्हणवत नाही आणि मी म्हणतही नाहीये. तिने जाहिरातीची दोन कामं या पायी सोडली, ती हिशोबात कुठे धरायची हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या अंकाची स्क्रिप्ट मी तीनदा फाडली. आता मारामारी सहा पानं, आणि तीही अशी की व्हिलनला हरवायला सानिकाला आवाज गिळावा लागतो आणि नेमका तेव्हा मंदार फोनवर हॉस्पिटलमधून काहीतरी सांगतोय. प्रेम आणि ताकद एकाच फ्रेममध्ये आल्याशिवाय ती पेन्सिल उचलत नाही. पानं ३२ च, साइज तोच, मागचं कव्हर कोरं, काका म्हणाले या वेळी फाइल आठ दिवस आधी आणा.

महोत्सवात शेवटच्या दिवशी कॉलेजमधली एक मुलगी आपली कॉपी परत घेऊन आली. मला वाटलं अजून एखादी चिता निघाली. तिने झेड ब्रिजचं पान उघडून दाखवलं, मंदारच्या रिकाम्या बलूनमध्ये निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, “तुझ्याकडे सुट्टे आहेत का?” म्हणाली हे मी नाही लिहिलं, ज्याने मला हे गिफ्ट दिलं त्याने लिहून दिलंय. मी विचारलं, मग होते का सुट्टे?

ती म्हणाली, “नाही सांगितलं अजून.”